मोरीच्या पाण्यावरचं अळू

लिफ्टच्या शेजारच्या भिंतीवर या आठवड्यात नोटीस लागली. पाणी एक दिवसाआड येईल, टाकी सकाळी थोडा वेळच सोडली जाईल, गाड्या धुऊ नयेत, सहकार्य करावे. खाली सेक्रेटरींची सही. मजकूर मागच्या वेळचाच आहे. त्याच फाइलमधला कागद काढून तारीख बदललेली दिसते.

आमच्या हाटकेश उपनगरात उन्हाळ्याला ही नोटीस दर काही वर्षांनी येते, आणि ती येणार हे आधीच कळतं. नळ उघडला की आधी हवा येते, मग पाइपात कोणी घसा साफ करावा तसा आवाज, मग तांबूस पाण्याची एक चूळ. गल्लीत टँकर मागे घेतानाची एकसुरी शिटी दिवसभर ऐकू येते. जिन्याच्या वळणावर निळी पिंपं उभी राहतात आणि चढणारा माणूस अंग चोरून चढतो. मागच्या गाळ्यांमधली यंत्रं दुपारभर चालतात, त्यांच्या पत्र्यांवरचं ऊन परत आमच्या भिंतींवर येतं. वारा काशीमीऱ्याच्या बाजूने असला तर खिडकीच्या कडेला काळी, चिकट धूळ बसते. खाडीच्या बाजूने असला तर अंगावर मीठ. दोन्ही वाऱ्यांनी तहानच लागते.

टँकरच्या पाण्याचा चहा फाटतो. लोक त्याचा दोष दुधाला देतात.

अशा दिवसांत मला काही वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आठवतो. तोवर माझी सगळी नोकरी वर्तमानपत्रात गेली होती आणि पाणीटंचाईच्या बातमीचा साचा हाताला पाठ होता. धरणातला साठा, टँकरच्या फेऱ्या, रांगेत ठेवलेल्या रिकाम्या हंड्यांचा फोटो. आमच्या तळमजल्यामागे त्या उन्हाळ्यात जे झालं त्याला आतल्या पानावर एक ओळही मिळाली नसती, आणि ते बरोबरच होतं. कोणी मेलं नाही, कोणी कोणाला मारलं नाही. एका बाईने दिलेली पानं घेणं लोकांनी बंद केलं, एवढंच.

ती बाई म्हणजे माझी वहिनी. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, मोठा भाऊ आणि वहिनी तळमजल्यावर. दादा निवृत्त झाल्यावर लालबागची खोली सोडून ती दोघं इथे आली, तोवर त्यांच्या मुलीचं लग्न होऊन ती नाशिकला गेली होती. तळमजला सहसा कोणाला नको असतो. डास असतात, अंधार असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आत येते. वहिनीने तो मागून घेतला, कारण त्या घराच्या स्वयंपाकघराला मागचं दार होतं आणि दाराबाहेर जमीन होती.

जमीन म्हणजे बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली पट्टी. बांधकाम संपल्यावर उरलेला सगळा राडारोडा तिथेच गाडलेला. फरशांचे तुकडे, घट्ट झालेल्या सिमेंटच्या गोण्या, मधेमधे ड्रेनेजची झाकणं. घर बघायला आलो त्या दिवशी वहिनी आतल्या खोल्यांकडे न बघता त्या पट्टीवर जाऊन उभी राहिली आणि तिने मला विचारलं, "भावोजी, मोरीचं पाणी कुठून बाहेर पडतं?" सोबतच्या ब्रोकरला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसावा. तो म्हणाला, लाइन एकदम क्लिअर आहे मॅडम, काही बाहेर येत नाही. वहिनीचा चेहरा जरा उतरला.

ती राजापूरकडची. तिच्या माहेरी न्हाणीचं पाणी भिंतीच्या ज्या भोकातून बाहेर पडतं तिथे कर्दळ असे, कर्दळीच्या पुढे अळू, अळूच्या पुढे केळ. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. तिकडे पाऊस छपरं फोडतो आणि तरी एप्रिलमध्ये विहीर तळ दाखवते. घाटी उतरून कळशीने वर आणलेलं पाणी एकदाच वापरून सोडून द्यायचं, असं त्या घरातल्या कोणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. जांभा तापलेला, गवत पिवळं, आणि परसातला हिरवा तुकडा तेवढा एकच, मोरीच्या तोंडाशी. मी एकदा तिकडे मे महिन्यात गेलो होतो. दुपारी त्या तुकड्याजवळ उभं राहिलं की पायांना गारवा लागायचा. एक बेडूक तिथे राहायचा. घरातले त्याच्याविषयी घरातल्यासारखंच बोलायचे.

लालबागला चाळीत मोरी होती, पण तिच्यापुढे जमीन नव्हती. सगळा संसार तिने तिथे काढला. हाटकेशला येऊन सामान लागायच्या आधी तिने प्लंबरकडून मोरीच्या आणि सिंकच्या पाइपाला फाटा काढून घेतला. राडारोडा उपसून चर खणला, त्यात विटांचे तुकडे, वाळू आणि नारळाची सोडणं भरली. पाणी आधी त्यातून मुरायचं, मग कर्दळीच्या मुळांतून, मग अळूला पोचायचं. अळूचे कांदे माहेराहून आले होते. काळ्या देठाचं वडीचं, हिरव्या देठाचं भाजीचं, दोन वेगळे वाफे.

पाण्यांचीही वाटणी होती. वॉशिंग मशीनचं पहिलं पाणी साबणाचं, ते गटारात. दुसरं आणि तिसरं खळबळलेलं पाणी झाडांना. मशीनला हे फरक कळत नसल्यामुळे वहिनी पाण्याच्या आवाजावर लक्ष ठेवून असे. कोणी पाहुणा बसलेला असो, जेवणाचं ताट समोर असो, मशीनने सूर बदलला की ती उठायची आणि मागच्या दाराशी जाऊन नळी चेंबरमधून काढून वाफ्याकडे वळवायची. बोलणं तिथेच अर्धं राहायचं. दादा म्हणायचा, हिच्याशी भांडायचं असेल तर पहिल्या पाण्यात भांडून घ्यावं. तांदूळ धुतलेलं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी एका टोपात साठायचं आणि संध्याकाळी थेट अळूच्या बुडाशी जायचं.

वर्षभरात तिथे इतकं दाट झालं की कंपाउंडची भिंत दिसेनाशी झाली. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, पण सकाळी प्रत्येक पानाच्या टोकाशी एक थेंब अडकलेला असायचा. मागच्या दारातून आत येणारी हवा ओल्या मातीच्या वासाची असायची, आणि एका सकाळी बेडूकही आला. कुठून, हे कोणाला कळलं नाही. वहिनीने फोन करून ते माहेरी कळवलं.

त्या पट्टीमुळे तिला बिल्डिंग मिळाली, असं म्हणायला हरकत नाही. तोवर ती दार ओढून घेऊन बसलेली असे. इथे लिफ्टमध्ये हिंदी, दुकानात हिंदी, गच्चीवर गुजराती. लालबागला आयुष्य गेलेल्या बाईला यातल्या कशाचंच काम पडलं नव्हतं. मग एक दिवस बरोबर वरच्या खिडकीतून पहिल्या मजल्याच्या कोकिलाबेन वाकून म्हणाल्या, भाभी, ये तो पात्रा का पत्ता है. वहिनीने पानं कापली, देठ बांधले आणि जुडी वर नेऊन दिली. संध्याकाळी पात्र्याने, म्हणजे त्यांच्याकडच्या अळूवड्यांनी, भरलेला डबा खाली आला. गोडसर, वर तीळ. वहिनीला त्यात चिंच कमी वाटली आणि तिने दुसऱ्या दिवशी आपल्या वड्या वर पाठवल्या. कोकिलाबेनना त्यात तिखट जास्त वाटलं. तेवढ्यावर मैत्री झाली. एकीचं मराठी, दुसरीचं गुजराती, मधे दोघींची मोडकी हिंदी, आणि तो स्टीलचा डबा वर-खाली. तो कधी रिकामा फिरल्याचं मला आठवत नाही.

हळूहळू इतर घरंही आली. श्रावणात मराठी घरं, ऋषिपंचमीला भाजीसाठी दोन देठ मागायला नवीन लग्न झालेल्या मुली. पाचव्या मजल्यावरचं जैन कुटुंब चातुर्मासात पालेभाजी खात नसे. त्यांची जुडी दिवाळीनंतर, हे वहिनीच्या ध्यानात असे. मुलं तिला पात्रावाली आंटी म्हणू लागली. तिला ते आवडायचं, पण आवडतं असं तिने कधी दाखवलं नाही.

कोकिलाबेनच्या घरी त्यांच्या सासूबाई होत्या. सगळी बिल्डिंग त्यांना बा म्हणायची. कांदा-लसूण चिरल्या हाताने दिलेलं पाणीही न पिणाऱ्या. शेवटच्या आजारपणात अन्न तोंडाला लागेनासं झालं तेव्हा त्यांनी पात्रा मागितला. त्या हिवाळ्यात वहिनी रोज कोवळी, तळहाताएवढी पानं निवडून वर देत होती. एखादा तुकडा त्या खायच्या. फेब्रुवारीत त्या गेल्या. त्यांना नेताना वहिनी जिन्याखाली उभी होती आणि कोकिलाबेन खाली उतरल्यावर सगळ्यांच्या आधी हिच्या गळ्यात पडल्या.

त्यानंतरचा उन्हाळा तो हा.

कपात मार्चअखेरीस सुरू झाली. एप्रिलच्या मध्यावर बिल्डिंगसमोरचं लॉन गेलं. लॉन जाताना आधी राखाडी होतं, मग पायाखाली कुरकुरतं, मग वाऱ्यावर उडून जिन्यात येतं. गेटजवळच्या कुंड्यांतले पाम वाळले. आंघोळी पाव बादलीवर आल्या, टाकीच्या झाकणाला कुलूप लागलं. आणि मागच्या पट्टीत अळू होतं तसंच होतं. थोडं विरळ, पण हिरवं. घराघरात पाणी कमी झालं होतं तसं वहिनीकडेही झालं होतं. फक्त तिच्याकडे ते दोनदा कामाला येत होतं. टँकरचं पाणी मात्र ती वाफ्याला लागू देत नसे. त्या खारटपणाने पानांच्या कडा करपतात.

एका दुपारी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून कोणीतरी पट्टीचा फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. पुढे समोरच्या वाळक्या लॉनचा फोटो. मजकूर काही नव्हता. मजकुराची गरज नसलेले फोटो कसे निवडतात ते मला ठाऊक आहे. हे दोन फोटो उत्तम निवडले होते. संध्याकाळपर्यंत खाली बरंच लिहिलं गेलं. टाकीचा मेन व्हॉल्व्ह तळमजल्याच्या मागेच आहे, याची एकाने आठवण करून दिली. दुसऱ्याने हात जोडल्याचं चिन्ह टाकून विचारलं की आम्ही पोरांना ओल्या फडक्याने पुसतोय आणि इथे शेती चाललीय का.

सेक्रेटरी पाटकर दुसऱ्या दिवशी प्लंबर घेऊन आले. बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ. "वहिनी, राग मानू नका. तक्रार आली की बघावं लागतं," ते म्हणाले, आणि चपला बाहेर काढूनच त्यांनी घरातून मागच्या दाराला जायला परवानगी मागितली. मग प्लंबरने सळीने वाफे उकरले. वडीच्या अळूचा एक गड्डा मुळांसकट वर आला. चोरजोड सापडली नाही. वहिनी म्हणाली, हे कपड्याभांड्यांचं पाणी आहे. पाटकर हसले. साबणाच्या पाण्यावर झाड जगतं होय, मरतं ते. त्यांना ते कारण पटलं नाही, आणि न पटलेल्या कारणाने संशय वाढतो. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग ठरली.

दादाने तिला बजावलं होतं की तू घरात राहा, मी बोलतो. तो ऑफिसातल्या हिंदीत बोलला. सोसायटीचे नियम, सदस्याचा अपमान, लेखी पुरावा असं बरंच. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले लोक पाणी सुटायच्या वेळेकडे लक्ष ठेवून ऐकत होते. एकजण म्हणाला, अंकल, वो सब ठीक है, पानी किधर से आता है वो बोलो. तेव्हा मागे उभी असलेली वहिनी पुढे आली.

तिला एवढ्या माणसांसमोर बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घाबरलेली नव्हती. आपल्याजवळ सांगायला खरं काहीतरी आहे आणि ते सांगितलं की हे संपेल, असा तिचा चेहरा होता. "तुमच्या पाण्याला मी हात लावला नाही," ती म्हणाली. "टाकीचं नाही, टँकरचं नाही. आमचंच पाणी आहे, वापरलेलं." पाटकरांनी पुन्हा साबणाचा मुद्दा काढला. मग ती नीट समजावून सांगू लागली. साबणाचं पहिलं पाणी गटारात जातं. दुसरं-तिसरं कर्दळीला. आंघोळीचंही कर्दळीला, ती गाळून पुढे सोडते. "आणि तांदळाचं, भाजीचं, मासे धुतलेलं, ते सरळ अळूला. त्याने पान मोठं होतं."

पटावं म्हणून ती एकेक गोष्ट सांगत होती, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर समोरचे चेहरे बदलत होते. तिला ते पटल्याचं लक्षण वाटलं असावं. ती सोडणांपर्यंत आली होती. तेवढ्यात मागून कोणीतरी हिंदीत भाषांतर केलं. मच्छी का पानी डालती है, बोल रही है. दोन-तीन तरुण मुलं हसली.

कोकिलाबेन दुसऱ्या रांगेत होत्या. त्या उठल्या नाहीत.

"भाभी," त्यांनी विचारलं, "मच्छी का पानी?"

"हो," वहिनी म्हणाली. ती अजून समजावतच होती. "उससे पत्ता अच्छा होता है."

"हमारे बा ने आखिर में वही खाया था."

हे त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. दोष दिल्यासारखंही नव्हतं. एखादी वस्तू कुठे ठेवली होती ते आठवावं तशा त्या बोलल्या. वहिनीचा हात अजून हवेत होता, चर किती खोल आहे ते दाखवणारा. तो तिने खाली घेतला.

पाटकर म्हणाले, चला, म्हणजे चोरीचा विषय मिटला. त्यांना खरोखरच हायसं वाटलं होतं. पाणी सुटायची वेळ झाली होती, लोक उठले, खुर्च्या एकावर एक गेल्या. ग्रुपवर संध्याकाळी त्यांनी लिहिलं की चौकशीत काही गैर आढळलं नाही, संबंधित सदस्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल समिती दिलगीर आहे. वहिनी ग्रुपवर नाही.

मी या प्रसंगात दोषी कोण ते शोधून पाहिलं आहे. तो सवयीचा भाग आहे. कोकिलाबेन नक्कीच नाहीत. त्यांचं जे गेलं ते परत आणता येण्यासारखं नव्हतं. वहिनीने लपवलं होतं का? भात कशात शिजवला हे जेवायला बोलावताना कोणी सांगत नाही, तितकंच तिने लपवलं होतं. मासे धुतलेलं पाणी अळूला घालणं तिच्या माहेरी देवाला हळद-कुंकू वाहण्याइतकं साधं होतं, आणि वरच्या घरात अंडं आणलेली पिशवीसुद्धा येत नव्हती. दोघींमध्ये चार वर्षं डबा फिरला, पण ही दोन वाक्यं एकमेकांसमोर कधी आली नव्हती. चोरीचा आळ आला नसता तर आलीही नसती.

डबा तीन-चार दिवसांनी परत आला. घासून लख्ख केलेला, रिकामा. मुलाबरोबर पाठवला होता.

इतर घरांचं वेगळं होतं. त्यांतली बरीच मासे खाणारी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मला जिन्यात म्हणाल्या, माशांचं काही नाही हो, पण आंघोळीचं पाणी म्हणजे... आणि पुढचं त्यांनी हाताने दाखवलं. रुळांलगत गटारावर वाढवलेल्या भाजीच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्या त्यांनी वाचल्या होत्या. मी त्या कित्येकदा पानात लावल्या होत्या. फरक समजावून सांगता आला असता. मीटिंगमध्ये समजावून सांगण्याचं काय होतं ते पाहिल्यावर मी तो सांगितला नाही.

त्या वर्षी ऋषिपंचमीला स्टेशनसमोरच्या बाजारात अळूच्या जुड्यांचे ढीग होते. आमच्या बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी तिथे घासाघीस करताना दिसल्या. पानं मोठी, ओली, चकचकीत होती. ती कुठल्या पाण्यावर वाढली हे विक्रेत्याला कोणी विचारत नव्हतं. वहिनी माझ्याबरोबर होती. तिने नारळ घेतले आणि म्हणाली, चला भावोजी.

घरी अळू पडून होतं. तिने आठवडाभर फतफतं केलं, दादा कंटाळला, मग ती पानं कापून भिंतीपाशी रचू लागली. बुधवारी पालीच्या कोळीवाड्यातून येणारी मासेवाली मागच्या दाराशी टोपली उतरवायची. तिने ढीग बघून विचारलं आणि सगळं ऐकून घेतल्यावर कपाळावर हात मारला. "मावरं धुतल्याला पानी सांगायची गोष्ट हाय का? न्हाय सांगायचा गो बाय." वहिनी म्हणाली, चोर म्हणत होते. मासेवालीने थोडा विचार केला आणि बोंबील मोजायला घेतले. त्यानंतर कित्येक महिने त्या घरात मासे आले नाहीत. दादाने काही दिवस टोमणे मारले, की झाडं जगवायला आता मला उपाशी मारणार. मग त्याने तेही सोडून दिलं.

पाऊस संपल्यावर, पाणी नियमित येत असताना, तिने सगळी पट्टी उकरली. कर्दळ काढली, सोडणं काढली, काळी, भुसभुशीत, जिवंत झालेली माती गोण्यांत भरून कंपाउंडबाहेर नेऊन ठेवली आणि नवी लाल माती आणवून तीत अळू पुन्हा लावलं. पाइपाचा फाटा बुजवून घेतला. मग स्वयंपाकघराच्या नळाला लांब नळी जोडून ती सकाळी, सगळे कामाला निघायच्या वेळी, अळूला पाणी घालू लागली. नळाचं, गाळलेलं, पिण्याचं पाणी. नळी उंच धरायची, धार लांबूनही दिसावी अशी. बेडूक त्या उकराउकरीत गेला.

मशीन अजून चालतं. ती ताटावरून उठत नाही.

वर्षभराने एक घर आलं, मग दुसरं. आता स्वच्छ पाणी घालता ना वहिनी, असं विचारून लोक जुडी नेतात. ती हो म्हणते आणि देते. पान पूर्वीइतकं मोठं होत नाही, पण तक्रार नाही. पाचव्या मजल्यावरचेही दिवाळीनंतर नेतात. सगळं बरंचसं पूर्वीसारखं झालं आहे असं म्हणता येईल. कोकिलाबेन जिन्यात भेटल्या की बोलतात, तब्येत विचारतात, दादाच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात येऊन बसल्या होत्या. पानांचा विषय त्या काढत नाहीत. नळी उंच धरलेली असताना वरची खिडकी उघडी असते की बंद, हे वहिनी मान वर न करता बघते. ते मी पाहिलं आहे.

आता पुन्हा कपात. परवा सकाळी मी खाली गेलो तेव्हा पाटकर मागच्या दाराशी आलेले होते. ते आता थकले आहेत, पण सेक्रेटरी तेच. सोसायट्यांनी सांडपाणी बागेला वापरावं असं सगळीकडे सांगतायत, ते म्हणत होते. लॉन वाचवायला हवं. समितीत कोणाला त्यातलं कळत नाही. तुम्ही पूर्वी काहीतरी करत होता ना वहिनी, ते विटा आणि नारळाचं. जरा मार्गदर्शन केलंत तर बरं होईल.

वहिनीच्या हातात बादली होती. एक दिवसाआड येणाऱ्या पाण्यातून तिने आपल्या वाटणीचं भरून ठेवलेलं. नळीला आता जोर नाही, म्हणून ती तांब्याने घालत होती, एकेका गड्ड्याला.

"मला त्यातलं काही माहीत नाही," ती म्हणाली.

पाटकरांना वाटलं ती विनय दाखवतेय. ते हसून म्हणाले, असं कसं, तुमचाच तर तो शोध. पाणी त्यांच्या चपलांपर्यंत आलं तसे ते बाजूला सरकले. पिण्याचं पाणी झाडांना का, असं त्यांनी विचारलं नाही.

वरची खिडकी उघडली. कोकिलाबेन वाकल्या नाहीत, सरळ उभ्या होत्या. केस पांढरे झालेले.

"भाभी, वो पीने का पानी है," त्या म्हणाल्या. "मेरे वास्ते डालते हो तो मत डालो. मैं नहीं ले सकूँगी."

त्यात राग नव्हता. राग असता तर वहिनीला काहीतरी करता आलं असतं. तिने वर पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, "मालूम है."

बादली अर्धी भरलेली होती. पाटकर लॉनविषयी आणखी थोडं बोलले आणि गेले. दादाने आतून चहाला हाक मारली. वहिनीने ते पाणी अळूला घातलं नाही, घरातही नेलं नाही. बादलीची कडी हाताला रुतत असावी, तरी ती तशीच उभी राहिली.